शिशाचा सांधा

"अहो काका, भिंत चाटताय काय!" इंजिनिअर मॅडम दारातूनच ओरडल्या.

पानेकाका तीन नंबरच्या बराकीत गुडघ्यावर बसले होते. भिंतीच्या बुडाशी साचलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते जिभेवर टेकवलं होतं. मॅडमच्या ओरडण्याने ते मुळीच दचकले नाहीत. एक तर त्यांचा डावा कान कामातून गेलेला, आणि दुसरं म्हणजे भिंतीपाशी पकडले जाण्यासारखं आपण काही करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं.

"चाटत नाही, चव बघतोय. हे नळाचं पाणी आहे, मॅडम. जमिनीतलं नाही. इथल्या जमिनीचं पाणी तुरट लागतं."

"चव बघून अहवाल लिहिता येत नाही, काका."

"येत नाही ना? म्हणून तर तुमचे अहवाल असे बेचव."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. नगरपालिकेत त्यांना लागून चारच वर्षं झाली होती आणि या जागेची सगळी जबाबदारी त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडली होती. काखेतली फाईल सावरत त्या म्हणाल्या, "पाण्याचा नमुना तपासायला पाठवलाय. निकाल यायला तीन आठवडे लागतील. आणि बराक पाडायचं मशीन येणार गुरुवारी सकाळी. आज सोमवार आहे. पाया खालून पाण्याने पोखरलाय, भिंतीला तडा गेलाय. उद्या इथे माणसं बसायला लागल्यावर भिंत कोसळली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मग लाईन बंद करून बघा."

"पाठीमागच्या अख्ख्या वस्तीचं पाणी त्याच लाईनवरून जातं. आणि बंद केली तरी ही भिंत वाळायला महिना लागेल. खरं की नाही?"

खरं होतं. पानेकाका गुडघे धरून उठले आणि बाहेर पडले.

त्यांचं खरं आडनाव पाने नव्हतंच. मागच्या खिशात कायम पाना असायचा, म्हणून छावणीतल्या कुणीतरी ते नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की लग्नपत्रिकासुद्धा त्याच नावाने येऊ लागल्या. वय सहासष्ट. त्यातली एकतीस वर्षं त्यांनी या छावणीत नळजोडणीचं काम केलं. ते सैनिक नव्हते, बाहेरचे कामगार होते. मागच्या लहान फाटकातून आत यायचं, पितळी बिल्ला दाखवायचा, सांगितलं तेवढं करायचं, संध्याकाळी बिल्ला परत द्यायचा. सोबत कुणाला आणायची सोय नव्हती. डबा विसरला तर बायको तो फाटकावर पहारेकऱ्याच्या हातात द्यायची आणि उंच भिंतीकडे बघत परत फिरायची. गावाच्या मधोमध ती भिंत पाचरीसारखी बसली होती. पलीकडच्या दवाखान्यात जायचं तर अर्ध्या तासाचा वळसा.

दोन वर्षांपूर्वी लष्कर निघून गेलं. जाताना खाटा नेल्या, कपाटं नेली, दारांच्या कड्यासुद्धा नेल्या, आणि जमिनीखालच्या नळांचे नकाशेही नेले. मोकळी जागा नगरपालिकेकडे आली. चार बराकी होत्या. पहिल्या दोन सुस्थितीत होत्या, तिथे वाचनालय आणि शिवणकामाची शाळा सुरू झाली. चौथी दवाखान्याने मागून घेतली. तिसरी सर्वांत मोठी, तिच्यावर वस्तीचा डोळा होता. दोन-दोन खोल्यांत सात-सात माणसं राहणारी ती वस्ती. पोरांना अभ्यासाला कोपरा नाही, म्हाताऱ्यांना दुपारी टेकायला जागा नाही. वस्तीतल्या बालवाडीच्या शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं टीचर म्हणत, त्यांनी सहाशे सह्या गोळा करून ती बराक वस्तीसाठी मंजूर करून घेतली होती. आणि आता ती पाडायची ठरली होती. पाडल्यावर तिथे गाड्या लावायची जागा होणार होती.

मंगळवारी संध्याकाळी कवायतीच्या मैदानात टीचरनी सभा बोलावली. पन्नास-साठ माणसं जमली. मॅडमही आल्या. त्यांना यायची सक्ती नव्हती, तरी आल्या, हे पानेकाकांनी मनात नोंदवलं. त्यांची बायकोही आली होती. वस्तीतले सगळे तिला काकू म्हणत. ती मागे, बायकांच्या घोळक्यात उभी होती.

बोलाचालीला ऊत आला. कुणी म्हणालं मशीनपुढे आडवे पडू, कुणी म्हणालं वर्तमानपत्रात देऊ. टेम्पोवाला म्हणाला, "मी टेम्पो फाटकात आडवा लावतो आणि किल्ली विहिरीत टाकतो."

"इथे विहीर कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"मग गटारात टाकतो. तत्त्व महत्त्वाचं."

हशा पिकला. तो ओसरल्यावर पानेकाका पुढे आले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"आडवं पडून काही होणार नाही. मॅडम बरोबर बोलतायत. पाणी मुरत राहिलं तर भिंत पडणारच. गळती सापडली पाहिजे, आणि ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

मॅडमनी मान वर केली. "काल का नाही बोललात?"

"काल हिंमत झाली नाही. बराकीच्या पूर्वेला, कोपऱ्यापासून अकरा पावलांवर, तीन फूट खाली एक सांधा आहे. शिशाचा. तो मी भरलेला आहे आणि घाईघाईत भरलेला आहे. शिसं ओतल्यावर ते चारी बाजूंनी ठोकून बसवावं लागतं, नाहीतर आज ना उद्या सांधा गळतो. मी धड ठोकला नाही. वर माती लोटली आणि निघून गेलो. एकतीस वर्षांत तेवढं एकच काम मी असं केलं."

गावातले अर्धे नळ या माणसाने जोडलेले. पानेकाकांचं काम म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा असं. "कधीची गोष्ट?" टीचरनी हळूच विचारलं.

"अठ्ठावीस वर्षं झाली. शनिवार होता."

मागे बायकांच्या घोळक्यात काकूंनी शेजारणीचा हात सोडला. त्या शनिवारी त्यांची पहिली मुलगी गेली होती. चार वर्षांची होती. ताप मेंदूत गेला होता.

दोघं घरी आली. जेवणं झाली, ताटं घासून झाली. काकू ओटा पुसत होत्या, तो कोरडा झाला तरी पुसत होत्या.

"निरोप उशिरा मिळाला म्हणाला होतात," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पहारेकऱ्याने चिठ्ठी दाबून ठेवली म्हणाला होतात. इतकी वर्षं त्या माणसाला मी शिव्याशाप देत आले."

"त्याने लगेच दिली होती चिठ्ठी."

"मग?"

"शिसं वितळून तयार होतं. ओतलं नसतं तर गोठलं असतं. संध्याकाळी पाणी सुरू व्हायलाच हवं म्हणून साहेब डोक्यावर उभा. म्हटलं, एवढं ओततो आणि निघतो. ओतलं, दोन ठोके मारले आणि पळत सुटलो. पाच मिनिटं गेली असतील. फार तर सात."

काकूंनी फडकं पिळून दोरीवर टाकलं. मुलगी शुद्धीत असेपर्यंत बाबा कुठे आहेत म्हणून विचारत होती, आणि ते दारात पोचले त्याच्या थोडं आधी विचारायची थांबली होती. हे त्यांनी नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं, आजही सांगितलं नाही.

"उद्या किती वाजता खणायचंय?" त्यांनी विचारलं.

"सातला."

"मी पण येते."

बुधवारी सकाळी सातला टिकाव पडला. गवंडी, टेम्पोवाला आणि वस्तीतले सहाजण आळीपाळीने खणत होते. पानेकाकांना कुणी फावडं धरू दिलं नाही, पण पावलं त्यांनीच मोजून दिली होती. मॅडम हातात मोजपट्टी घेऊन उभ्या होत्या. "अधिकृतपणे मी इथे नाहीये," त्या म्हणाल्या, "मी फक्त मोजमाप घेतेय." काकू बराकीच्या पायरीवर बसल्या होत्या. ज्या भिंतीपलीकडे एकतीस वर्षं डबा गेला, तिच्या आतल्या या भागात त्या प्रथमच आल्या होत्या.

साडेनऊला टिकाव नळावर खणकन वाजला. अकरा पावलं, तीन फूट. बोटभरही चूक नव्हती. गवंड्याने हातांनी माती काढली. सांधा उघडा पडला.

माती कोरडी होती. नुसती कोरडी नाही, भुसभुशीत. मुठीत धरली तर बोटांमधून गळून जाईल अशी.

"काका," गवंडी चरातून म्हणाला, "इथे थेंब नाही हो."

"असं कसं? नीट बघ."

"तुम्हीच या."

दोघांनी दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं. पानेकाकांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. शिशाचं कडं काळवंडलं होतं, पण त्यावर हातोडीच्या खुणा स्पष्ट होत्या. एकाला लागून एक, सारख्या अंतराच्या. वर होत्या, दोन्ही बाजूंना होत्या. त्यांनी हात नळाखाली घातला आणि तिथे त्यांचा अंगठा थांबला. खालच्या बाजूलाही तशाच खुणा होत्या.

"कोण म्हणतं हे घाईचं काम?" गवंडी कौतुकाने म्हणाला. "खालून ठोकायचं म्हणजे चरात उताणं झोपावं लागतं. या कामाला अर्धा-पाऊण तास तरी गेला असेल, काका. आणि तुम्ही उगाच आम्हाला..."

तो बोलता बोलता थांबला. पानेकाका चरातच मातीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा मातीसारखाच झाला होता.

पाच मिनिटं. फार तर सात. अठ्ठावीस वर्षं ते स्वतःला हेच सांगत आले होते, इतकं की ते त्यांना आठवू लागलं होतं. आपण काम अर्धवट टाकून पळालो, बाप म्हणून निदान तेवढं तरी केलं, एवढा एक आधार त्यांनी धरून ठेवला होता. आणि इथे हा सांधा होता, चारी बाजूंनी बसवलेला. हात सवयीने चालत राहिले होते. खिशात चिठ्ठी होती, आणि ते चरात उताणे झोपून, खालून, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथे, हातोडी मारत होते.

वर माणसं चुळबुळली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही, उगाच सकाळ घालवली. मॅडमनी मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली.

काकू पायरीवरून उठून चराच्या काठाशी आल्या. गवंड्याचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. त्यांनी खाली बघितलं, सांध्याकडे आणि मग नवऱ्याकडे.

"अहो."

पानेकाकांनी मान वर केली नाही.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय. रागवायला मला उरलेलं आयुष्य पडलंय. मशीन उद्या येतंय. उठा."

मग पानेकाकांनी हात वर केला, गवंड्याने तो धरला आणि ते चरातून बाहेर आले. बायकोकडे बघायची त्यांची छाती होईना. मॅडमकडे बघून ते म्हणाले, "गळती इथे नाही, म्हणजे वर कुठेतरी आहे. पाणी नळाला सोडून खालच्या मुरुमातून उतरत भिंतीपाशी येतं. ऐकून बघावं लागेल. एक लांब सळई द्या कुणीतरी."

"ऐकून?" मॅडमनी विचारलं.

"सळईचं एक टोक जमिनीत नळापर्यंत, दुसरं कानाला. नळ फुटला असेल तर बोलतो. पूर्वी असंच शोधायचो."

सळई आली. पानेकाकांनी ती चराच्या वरच्या अंगाला सहा पावलांवर ठोकली आणि उजवा कान लावला. बराच वेळ वाकून उभे राहिले. पुढच्या जागी गेले. तिसऱ्या जागी त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"काय ऐकू येतंय?" टीचरनी विचारलं.

"माझंच रक्त," ते म्हणाले. "डावा तर गेलाच होता, आता हाही दगा देतोय."

काकूंनी पुढे होऊन सळई हातात घेतली. "मला सांगा, काय ऐकायचं ते."

"अगं, ते असं एका दिवसात..."

"शेजारच्या घरात कप फुटला तर दांडीचा फुटला की बिनदांडीचा ते मला कळतं. सांगा तुम्ही."

त्यांनी सांगितलं. मोकळा नळ मुका असतो. वाहता नळ श्वास घेतल्यासारखा वाजतो. फुटका नळ तक्रार करतो. पण एवढ्या गोंगाटात काही कळायचं नाही. दवाखान्याच्या बराकीत फरशी कापायचं यंत्र चालू होतं, मैदानात सिमेंटचा मिक्सर फिरत होता, शिवणशाळेतल्या वीस मशीनचा खडखडाट येत होता, आणि टीचरनी सोबत आणलेली बालवाडीची चाळीस पोरं झाडाखाली बडबडगीतं म्हणत होती.

पानेकाका मैदानाच्या मध्यावर गेले. त्या मैदानात त्यांनी एकतीस वर्षं हुकूम ऐकले होते, आपण कधी दिला नव्हता.

"दहा मिनिटं!" ते ओरडले. आवाज चिरकला, तरी पोचला. "दहा मिनिटं सगळं बंद करा! कुणी बोलू नका, हलू नका!"

फरशीचं यंत्र बंद झालं. मिक्सर दोन गचके देऊन थांबला. शिवणशाळेतल्या बायका दाराशी आल्या. टीचरनी ओठांवर बोट ठेवलं आणि चाळीस पोरांनी चाळीस बोटं ओठांवर ठेवली. भर दुपारच्या उन्हात ते सगळं आवार असं शांत झालं, की दूरच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली.

काकूंनी कान सळईला लावला. डोळे मिटले.

"श्वास," त्या म्हणाल्या. "एकसारखा."

सहा पावलं पुढे. पानेकाका सळई ठोकत होते, त्या ऐकत होत्या.

"इथेही श्वासच आहे."

आणखी सहा पावलं. "इथे... कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय."

आता पानेकाका तीनच पावलं पुढे सरकले. काकूंनी कान लावला आणि लगेच मागे घेतला, चटका बसावा तसा.

"इथे ओरडतंय! तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं!"

सगळ्यांनी बघितलं. त्या सलामीच्या चौथऱ्याला टेकून उभ्या होत्या. मैदानाच्या कडेचा तो दगडी चौथरा लाईन टाकल्यानंतर बऱ्याच वर्षांनी बांधला होता. त्याच्यावर उभं राहून मोठे साहेब सलामी घ्यायचे. कुणीही विचारलं नव्हतं की खाली काय आहे.

"चौथरा तोडता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तो जतन करायच्या यादीत आहे."

"तोडायचा नाही. कडेने जाऊ."

पुन्हा टिकाव पडले. या वेळी शिवणशाळेतल्या बायकाही पाट्या उचलायला आल्या. दोन फुटांवर माती ओली लागली, अडीच फुटांवर चिखल झाला आणि चारच्या सुमाराला गवंड्याने पहार घातली तशी पाण्याची चिळकांडी उडून थेट मॅडमच्या फाईलवर गेली. चौथऱ्याच्या भाराने नळ तडकला होता, हातभर लांब. पाण्यात चिंब झालेल्या मॅडमनी ओंजळ पुढे केली, घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि जिभेवर घोळवलं.

"नळाचं आहे," त्या म्हणाल्या.

फोन लावायला त्या फाटकापर्यंत चालत गेल्या. वरिष्ठांशी त्यांचं काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही; पण त्या एक हात कमरेवर ठेवून बोलत होत्या आणि मध्ये एकदा त्यांनी पाय आपटला हे सगळ्यांनी पाहिलं. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मशीन रद्द. पूर्वेची भिंत मात्र उतरवून नवी बांधावी लागेल. ते मी सोडणार नाही."

"सोडूच नका," पानेकाका म्हणाले.

नळाचा तुकडा बदलायला अंधार पडला. काकू तोवर थांबल्या नाहीत. त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस घरात मोजकंच बोलणं होत असे. मीठ द्या, दार लावा, पाणी आलंय. एकदा सकाळी पानेकाकांनी सांगायचा प्रयत्न केला, "मला खरंच वाटत होतं की मी..." काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "कळलंय मला. म्हणूनच बोलत नाही." आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी चहा ठेवायचा कधी चुकवला नाही, आणि बोलणं कधी उसनं आणलं नाही.

भिंत उतरली, नवी उभी राहिली. फरशी बसली. बराकीच्या खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर होत्या, त्या टीचरनी भांडून खाली आणवल्या. एका टोकाला म्हाताऱ्यांसाठी बाकं, मध्ये अभ्यासाची लांब टेबलं, दुसऱ्या टोकाला बालवाडी. नळाचं काम पानेकाकांनी मागून घेतलं होतं. मॅडमनी त्यांच्यासाठी कागद तयार करून त्यावर हुद्दा लिहिला होता: सल्लागार. तो कागद त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला, कुणाला दाखवला नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेवटचं काम राहिलं होतं, बालवाडीच्या बाजूचा हात धुवायचा नळ. काकू बाकं पुसायला आल्या होत्या. मॅडम नकाशा घेऊन उभ्या होत्या.

"नकाशात अडीच फूट आहे, काका."

"अडीच फूट उंच होतं. लहान पोरांना टाचा उचलाव्या लागतील."

"मग किती?"

पानेकाका उभे राहिले. त्यांनी उजवा तळवा आडवा धरून आपल्या कमरेशी लावला. चार वर्षांचं मूल शेजारी येऊन उभं राहिलं तर त्याचं डोकं जिथे येईल तिथे. मग तळवा थोडा खाली आणला, खांद्याच्या उंचीवर. मग आणखी जरासा खाली. तिथे तो थांबला आणि त्यांनी वाकून तीच उंची भिंतीला लावली. मॅडमनी मोजपट्टी काढली, पण पुढे केली नाही.

काकू हातातलं फडकं ठेवून आल्या. त्यांनी त्या तळव्याकडे नीट बघितलं.

"बोटभर खाली," त्या म्हणाल्या.

पानेकाकांनी तळवा बोटभर खाली सरकवला. काकूंनी त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि तळव्याखाली भिंतीवर रेघ ओढली.